मधल्या खोलीची किल्ली

पानिपतची बातमी पेशव्यांना कशी कळली, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत भेलशाच्या आसपास एका सावकाराचा जासूद त्यांच्या माणसांच्या हाती लागला. त्याच्याजवळचं पत्र पेशव्यांसाठी नव्हतं, एका पेढीने दुसऱ्या पेढीला धाडलेलं ते खासगी टपाल होतं. पेशव्यांनी ते फोडलं. आत मोती, मोहरा आणि रुप्या-तांब्याचा हिशेब होता. हा हिशेब कसला, हे वाचणाऱ्याला लगेच उमगलं.

आपण ही गोष्ट शोकाची म्हणून ऐकतो. मी पेशाने वकील, त्यामुळे मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. राज्यकर्त्याने खासगी टपाल अडवलं, उघडलं, त्यातली सांकेतिक भाषा उलगडली. त्याच्या मनात असतं तर पुन्हा लाख लावून तेच पत्र तो जासुदाबरोबर पुढे पाठवू शकला असता, आणि पलीकडच्या सावकाराला कदाचित पत्ताही लागला नसता. १८८५ च्या तार कायद्यापासून दूरसंचार अधिनियम २०२३ पर्यंत आपला दळणवळणाचा सगळा कायदा याच गृहीतावर उभा आहे : जाणारा निरोप मध्येच थांबवता येतो, वाचता येतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढे सोडता येतो. भांडण काय ते एवढंच, की हे कुणी करायचं, कधी करायचं आणि कुणाच्या सहीने.

क्वांटम जाळ्यांनी हात घातला आहे तो या गृहीताला. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

विज्ञानाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण माझी भौतिकशास्त्राशी सोबत बारावीलाच संपली आणि त्यापुढचं मी जाणकारांकडून उसनं घेतलं आहे. प्रकाशाच्या एकेका कणावर, म्हणजे फोटॉनवर, शून्य किंवा एक लिहून तो पाठवायचा. लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. कोणता कण कोणत्या पद्धतीने लिहिला, हे पाठवणारा आधी सांगत नाही. मधल्या चोराने तो कण वाचायचा प्रयत्न केला, तर निम्म्या वेळा तो चुकीच्या पद्धतीने वाचेल आणि वाचता वाचता कण बिघडवून टाकेल. नक्कल काढून ठेवावी म्हटलं, तर अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निसर्गच करू देत नाही. १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे डीक्स यांनी, हे गणिताने दाखवून दिलं. नंतर दोन्ही टोकांची माणसं काही कण उघडपणे ताडून पाहतात. चुका मर्यादेबाहेर गेल्या तर सगळं फेकून देतात. उरलेल्या आकड्यांची होते किल्ली, आणि खरा निरोप त्या किल्लीने कुलूपबंद होऊन साध्या वाटेनेच जातो.

म्हणजे हे कुलूप नव्हेच. ही लाखेची मोहोर आहे, आणि ती अशी, की फोडली तर पुन्हा चिकटवता येत नाही.

चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ही कल्पना १९८४ च्या डिसेंबरमध्ये ज्या परिषदेत मांडली, ती आपल्या बंगळूरला भरली होती. आपल्या तार कायद्याला तेव्हा ९९ वर्षं होत आली होती. ज्या देशात तार आली म्हणताच घरात रडारड सुरू होई, त्याच देशात तारेच्या कायद्याला निरुत्तर करणारा निबंध वाचला गेला, आणि त्या वेळी त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. कायदेवाल्यांनी तर नाहीच नाही.

इथपर्यंतचं वाचून कुणालाही वाटेल, की आता सरकारला ऐकूच येणार नाही, गुन्हेगारांचं फावलं, नाहीतर नागरिकांचं खासगीपण कायमचं सुरक्षित झालं. वर्तमानपत्री लेखांत या दोन्हींपैकी एक सूर हमखास सापडतो. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण काचेच्या तारेत आहे.

उत्तम प्रतीच्या ऑप्टिकल फायबरमध्येही प्रकाश हळूहळू विरत जातो. १०० किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक फोटॉन उरतो, २०० किलोमीटरवर दहा हजारांतला एक, ३०० वर दहा लाखांतला एक. नेहमीच्या दूरसंचारात वाटेत यंत्रं बसवून संकेत पुन्हा जोरकस करतात. इथे ती सोय नाही, कारण जोरकस करणं म्हणजे नक्कल करणं, आणि नक्कल वर्ज्य. खरा क्वांटम रिपीटर हवा तर अवस्था धरून ठेवणारी क्वांटम स्मृती लागते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या क्युटेक संस्थेने २०२१ मध्ये तीन केंद्रांचं असं छोटं जाळं उभं करून दाखवलं, पण ते अजून प्रयोगशाळेच्या जगातलं काम आहे. व्यवहारात वापरतात तो तोडगा अगदी देशी वाटावा असा आहे. वाटेत ठरावीक अंतरावर एकेक खोली बांधायची. डावीकडून आलेली किल्ली खोलीत मोजून घ्यायची, उजवीकडच्या दुव्याची वेगळी किल्ली बनवायची आणि एकीच्या आधाराने दुसरीकडे सोपवायची. या खोलीला तंत्रज्ञ ‘ट्रस्टेड नोड’ म्हणतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीजिंग ते शांघाय या सुमारे २००० किलोमीटरच्या वाटेवर असे ३२ नोड आहेत.

खोलीत किल्ली उघडी असते. निसर्गाचा नियम दोन खोल्यांमधल्या तारेत राखण करतो, उंबऱ्यापाशी तो थांबतो आणि तिथून आत माणसांचे नियम सुरू होतात. क्वांटम जाळ्याच्या कायद्याचा खरा प्रश्न त्या खोलीत कोण बसतं आणि कुणाच्या हुकमाने बसतं हा आहे, असं माझं मत आहे. हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

आपल्याकडे हे दूरचं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून लांब, नेहमीच्या व्यापारी वापरातल्या फायबरवर किल्लीवाटपाचं प्रात्यक्षिक केलं. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. त्याच्या उद्दिष्टांत २००० किलोमीटर अंतरावरच्या शहरांमधलं किल्लीवाटप आहे, तेवढ्याच पल्ल्याचा उपग्रहमार्गही आहे. संदेशवहनाचं केंद्र आयआयटी मद्रासकडे, सोबतीला सी-डॉट. मुंबईच्या आयआयटीकडे संवेदन आणि मापनाचं केंद्र आलं आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब त्याआधीपासून काम करतं आहे. उद्या मुंबई-नागपूर अशी वाट टाकायची ठरली, तर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या कडेने आजच्या तंत्राने सात-आठ खोल्या तरी लागतील. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर एक, जालन्याजवळ एक, मेहकरच्या आसपास एक. त्या जमिनी कुणाच्या, पहारा कुणाचा, भाडेपट्टा कुणाच्या नावे, हे प्रश्न आपल्या तहसील कचेरीच्या ओळखीचेच आहेत.

अनोळखी प्रश्न पुढे येतात. दूरसंचार अधिनियमाचं कलम २० सरकारला सार्वजनिक सुरक्षेसारख्या कारणांसाठी संदेश अडवण्याचा आणि तो समजेल अशा स्वरूपात मागण्याचा अधिकार देतं. २६ जून २०२४ पासून ते लागू आहे, आणि कायदेशीर अडवणुकीची कार्यपद्धती सांगणारे नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. या सगळ्यात शब्द आहे ‘संदेश’. मेहकरच्या खोलीतली किल्ली हा संदेश आहे का? ती निव्वळ यादृच्छिक आकड्यांची माळ आहे. कुणी कुणाला काहीही सांगितलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ उलट बाजूने येतं. संगणकाचा ताबा असलेल्या कुणालाही माहिती उलगडून देण्यासाठी मदतीला बोलावता येतं, आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण २००९ च्या नियमांत किल्लीधारकाची जी व्याख्या आहे, तिच्यात किल्ली जवळ असणं आणि उलगडण्याची यंत्रणा चालवणं या दोन्ही गोष्टी एकत्र अपेक्षिल्या आहेत. खोलीवाल्याजवळ किल्ली आहे, यंत्रणा नाही. यंत्रणा मुंबईच्या टोकाला, ही वाट वापरणाऱ्या एखाद्या बँकेकडे आहे. मग तो किल्लीधारक की नुसता हमाल? वकिलांना अशा फटी प्रिय असतात, हे कबूल करतो. पण फट बुजवायची कशी, यावर बरंच काही ठरणार आहे.

याचं कारण व्याप्ती. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगच्या खटल्यात कार्यपद्धतीची बंधनं घातली. त्यामागचं चित्र एका माणसाच्या एका फोनचं होतं : अमुक क्रमांक, अमुक मुदत, अमुक कारण, वर समितीची फेरतपासणी. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं आणि त्यावरचा घाला प्रमाणात असावा, ही कसोटी दिली. नोडमध्ये एका माणसाची तार वेगळी काढता येते, ती फक्त बांधणीच्या वेळी तशी तजवीज केली असेल तर. ती केली नसेल तर एका हुकमाने हाती येते ती त्या दुव्यावरची अख्खी किल्ली, आणि तिच्यासोबत बँकेच्या सगळ्या खातेदारांचे व्यवहार. प्रमाणाची कसोटी नंतर न्यायालयात लावून उपयोग नाही. ती आधी आराखड्यात लागली पाहिजे, आणि आराखडे तर निविदांच्या कागदांत ठरताहेत. दूरसंचार विभागाच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरने किल्लीवाटपाच्या यंत्रणेसाठी मानक केलं, हे चांगलंच झालं. पण किल्ली वापरून झाल्यावर नोडने ती किती क्षणांत पुसावी आणि पुसल्याबद्दल खोलीवाल्यावर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येऊ शकतो का, हे मानक ठरवू शकत नाही. ते काम संसदेचं. आपला सरकारी कल कोणत्या बाजूला झुकतो, याची चुणूक २०१५ च्या सप्टेंबरमध्ये दिसली होती. एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात उघड्या मजकुराची प्रत ९० दिवस जपून ठेवायला सांगितलं होतं. ओरड झाली आणि काही दिवसांत मसुदा मागे गेला. सवय मात्र मागे गेली असं मला वाटत नाही.

‘संदेश’ या शब्दापाशी अजून थोडं थांबतो, कारण हा पेच नवा नाही. इंग्लंडचा टेलिग्राफ कायदा १८६९ चा, आणि टेलिफोन आला १८७६ मध्ये. एडिसन टेलिफोन कंपनी म्हणू लागली, आमचा टेलिफोन म्हणजे तार नव्हे, तेव्हा पोस्ट खात्याची मक्तेदारी आम्हाला लागू नाही. १८८० मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की टेलिफोन ही तारच आहे, मग कायदा करताना तो कुणाच्या स्वप्नात नसला तरी. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन म्हणजे आपला १८७२ चा पुराव्याचा कायदा ज्यांनी रचला तेच. जुन्या शब्दात नवी वस्तू बसवण्याची ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक चालली. २०२३ च्या अधिनियमातल्या व्याख्याही ऐसपैस आहेत. तार, रेडिओ, प्रकाश, विद्युतचुंबकीय काहीही त्यांत मावतं. फोटॉन अर्थातच मावतो.

मावत नाही ते दुसरंच. पुढच्या पिढीच्या जाळ्यांत दोन टोकांना एकमेकांत गुंतलेले कण वाटले जातील. एकावर मोजमाप केलं की दुसऱ्याचा निकाल त्याच्याशी जुळतो, पण या जुळण्यातून निरोप पाठवता येत नाही, हे भौतिकशास्त्र ठामपणे सांगतं. म्हणजे जाळ्यातून काहीतरी वाटलं जातं, त्याला मोल आहे, ते विकलं जाईल, त्याचं बिल येईल, आणि तरी तो संदेश नाही. परवाना कशाचा द्यायचा? कर माल म्हणून लावायचा की सेवा म्हणून? स्टीफनसाहेबांची युक्ती इथे पुरत नाही असं माझं मत आहे. संसदेने ‘संदेश’ ताणत बसण्यापेक्षा ‘क्वांटम दुवा’ ही वेगळी व्याख्या करावी. कसं करावं याचा मसुदा पुस्तकाच्या शेवटी दिला आहे, त्यातल्या चुका वाचकांनी कळवाव्यात.

जाता जाता एक गंमत. या विद्याशाखेत चोरून ऐकणाऱ्या काल्पनिक बाईचं नाव ठरून गेलं आहे, ईव्ह. सुरक्षिततेची सिद्धता करताना नियम असा, की तारेत जी काही गडबड दिसेल तिचा सगळा आळ ईव्हवर घ्यायचा. उन्हाने फायबर तापली, शेजारून ट्रक गेला, जेसीबीवाल्याने खोदताना धक्का दिला, सगळं पाप ईव्हचं. मूळ पद्धतीत चुका ११ टक्क्यांच्या पलीकडे गेल्या की किल्ली टाकून द्यायची. सावधगिरी म्हणून हे अगदी योग्य. पण फौजदारी कायद्याची धारणा याच्या नेमकी उलटी आहे, तिथे सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो. तेव्हा यंत्राने घंटा वाजवली म्हणजे गुन्हा घडला, असा पंचनामा करायला पोलीस धावतील, तर पहिल्याच उलटतपासणीत प्रकरण कोसळेल. नुसती तार हलवत राहूनही जाळं बंद पाडता येतं, हे त्याचंच दुसरं अंग. सेवाकरारात ‘व्यत्यय’ कुणाच्या माथी, हे कलम त्यामुळे सगळ्यात महागडं ठरणार.

करारांवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका अशिलासाठी मी एका पुरवठादाराचा मसुदा तपासत होतो. त्यात यंत्रणेचं वर्णन ‘पूर्णतः अभेद्य’ असं केलं होतं, आणि नुकसानभरपाईच्या कलमात पुरवठादाराची जबाबदारी शून्य होती. अभेद्य असेल तर भरपाईची भीती कशाला, असं विचारल्यावर समोरच्या वकिलाने चहा मागवला. २०१० मध्येच वादिम माकारोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन यंत्रणांचे डिटेक्टर प्रखर प्रकाशाने आंधळे करून अख्खी किल्ली चोरता येते, हे दाखवलं होतं. सिद्धांत अबाधित राहिला, पेटी फुटली. अमेरिकेची एनएसए राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांसाठी या तंत्राची शिफारस करत नाही, आणि तिच्या कारणांत विश्वासू खोल्यांचा मुद्दा ठळक आहे. २०२४ च्या जानेवारीत फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनच्या सायबर संस्थांनीही साधारण तोच कौल दिला : आधी नव्या गणिती कुलपांकडे वळा.

ती नवी कुलपं म्हणजे क्वांटम संगणकालाही न फुटतील अशी आशा असलेली गणितं. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की मोठा क्वांटम संगणक आला तर आजची प्रचलित कुलपं तुटतील. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने नव्या कुलपांची पहिली तीन मानकं १३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केली. ही कुलपं सॉफ्टवेअरने बदलता येतात, खोल्या बांधाव्या लागत नाहीत. आज कुलूपबंद मजकूर साठवून ठेवायचा आणि वीस वर्षांनी फोडायचा, हा डाव कुणीही खेळू शकतं. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. आधारच्या नोंदी, दवाखान्यांचे कागद, सातबाऱ्यावरचे वाद यांना वीस वर्षांची मुदत काहीच नाही. पैसा मोजका असेल तर तो आधी कुठे घालावा, याबद्दल मला शंका नाही : गणिती कुलपांत. क्वांटम जाळ्यावरचं पुस्तक लिहून हे म्हणणं काहींना फितुरी वाटेल. पण जाळ्याचा खरा उपयोग किल्लीवाटपाच्या पुढचा आहे, दूरदूरचे क्वांटम संगणक आणि संवेदक जोडण्याचा, आणि त्यासाठी आज घाई करून उभ्या केलेल्या खोल्या उद्या अडचणच ठरतील.

आकाशातल्या खोलीचं काय, हेही विचारलं जातं. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या मिसियस उपग्रहाने पुढच्या वर्षी बीजिंग आणि व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमींमध्ये किल्ली पोहोचवली, आणि ७६०० किलोमीटरवरून चित्रसंवाद झाला. त्या वेळी किल्ली उपग्रहाला माहीत होती. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे उपग्रहावर अधिकार चालतो तो त्याची नोंदणी करणाऱ्या राष्ट्राचा. म्हणजे व्हिएन्नाची किल्ली काही काळ चिनी अधिकारक्षेत्रात उघडी होती. २०२० मध्ये त्याच उपग्रहाने गुंतलेले कण ११२० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी सोडले आणि उपग्रहावर विश्वास न ठेवता किल्ली बनवली. वेग होता सेकंदाला ०.१२ बिट. २५६ बिटांची एक किल्ली हवी तर अर्ध्या तासाहून अधिक, आणि उपग्रह डोक्यावर असतो जेमतेम काही मिनिटं. ज्या संस्थांनी हे घडवलं, त्यांच्यापैकी हेफेईची प्रयोगशाळा नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेली. आपण डिसेंबर २०१७ पासून निर्यात-नियंत्रणाच्या वासेनार व्यवस्थेचे सदस्य आहोत आणि तिच्या यादीत क्वांटम क्रिप्टोग्राफी व्याख्येसकट आहे. पुण्यातल्या नवउद्योजकाने परदेशी सहकाऱ्याला आराखडा ईमेल करण्याआधी पुस्तकातलं त्यावरचं प्रकरण वाचावं.

शब्दांबद्दल थोडं. क्वांटमला मराठीत ‘पुंज’ हा चांगला शब्द आहे, मी तो मुद्दाम वापरला नाही, कारण न्यायालयात आणि निविदेत क्वांटमच म्हणतात. ‘की’ ऐवजी मात्र हट्टाने किल्ली लिहिलं आहे. कायद्याच्या कलमांची माहिती नको असलेल्यांनी तिसरं आणि चौथं प्रकरण ओलांडून जावं. पुराव्यावरचं सातवं प्रकरण न्यायालयाच्या नक्कल विभागात खेटे घातलेल्यांना विशेष आवडेल : जिची नक्कल निघूच शकत नाही, अशी वस्तू मुद्देमाल म्हणून हजर कशी करायची, याचा तिथे खल आहे.

हे पुस्तक लिहीत असताना विदर्भातल्या एका राज्य मार्गावर गाडीचं चाक पंक्चर झालं. चाक बदलेपर्यंत मी रस्त्याकडेच्या टपरीत बसलो. शेजारी फायबरची यंत्रं ठेवलेली एक पत्र्याची खोली होती, आत पंख्याची घरघर, दाराला भलंमोठं कुलूप. दुरुस्तीवाला आला तर दार कोण उघडतं, म्हणून सहज विचारलं. टपरीवाल्याने साखरेच्या डब्यामागे हात घालून किल्ली काढून दाखवली.